उसनी आठवण

वैजयंतीने डोळे उघडले तेव्हा दुपारचं ऊन पडद्यांतून पाण्यासारखं खोलीभर हलत होतं. शेजारच्या खाटेवर तिचा नवरा मनोहर अजून झोपेत होता, आणि त्या झोपेत तो तिची आठवण जगत होता. कपाळावरच्या पट्टीतून ती आठवण त्याच्यात हळूहळू झिरपली होती. एकाएकी त्याने डावा हात पोटाशी धरला. वैजयंतीचा मोडला होता, तोच हात.

तुरुंग बंद झाल्यापासून मारहाणीची प्रकरणं या केंद्रात येत. दोघांची तयारी असेल तरच मार खाणाऱ्याची आठवण मारणाऱ्याला उसनी दिली जाई.

मनोहर दचकून उठला. त्याला तिच्याकडे बघवेना.

"तुला माझी एवढी भीती वाटायची?" त्याने विचारलं. मग केंद्र सांभाळणाऱ्या फरीदाताईंकडे वळून म्हणाला, "मला कुठेतरी कोंडून ठेवा. पूर्वी ठेवायचे तसं."

"कोंडलं की सुटलास," वैजयंती म्हणाली. "मग कुणाला तोंड दाखवायला नको."

"मग मी काय करू? तू घरी येशील?"

"नाही, मी येणार नाही. पण तुझ्या आईला अजून वाटतं, मी जिन्यावरून पडले. तिला खरं काय ते सांग."

फरीदाताईंनी फोन त्याच्यापुढे ठेवला.

वैजयंती व्हरांड्यात येऊन बसली. अंग हलकं झालं होतं, तरंगल्यासारखं. आतून फोनची बटणं दाबलेली ऐकू आली. मग मनोहरचा आवाज आला, "आई, वैजू पडली नव्हती. मी ढकललं होतं तिला."