तोट्याचा तक्ता

"तोटा नेमका कुठं आहे ते शोध. वीस मिनिटं," म्हणत दीपमाला मॅडमनी तक्ता नवनाथपुढं सरकवला.

चौसाळ्याच्या नवनाथची गुरुवारी पुण्यात एका सल्लागार कंपनीत मुलाखत होती. तिथं कुठल्यातरी धंद्याचे आकडे पुढ्यात टाकतात आणि दुखणं ओळखायला लावतात. याआधी दोन ठिकाणी तो तक्ता बघूनच गांगरला होता. बीडच्या या क्लासमध्ये मॅडम महिनाभरापासून दर रविवारी अशा मुलाखतींचा सराव घेत होत्या. एक पैसा न घेता.

तक्ता एका डाळ मिलचा होता. तीन वर्षं, अकरा रकाने. मिलचं नाव नाही. सकाळपासून सहा जणांनी तो पाहिला होता. कुणी वीजबिलावर बोट ठेवलं, कुणी मजुरीवर. एकानं तर मिलच बंद करायला सांगितली. मॅडमनी सगळ्यांना शाबासकी दिली.

नवनाथनं बराच वेळ मान वर केली नाही.

"मॅडम, हितं तोटा न्हाईच."

"म्हणजे?"

"डाळ विकली दोन हजार क्विंटल. पन्नास किलोच्या पोत्यानं चार हजार पोती झाली. बारदाना, म्हंजी रिकामी पोती, घेतलाय चार हजार सहाशे, आन् वर्षाखेर शिल्लक शून्य. वरची सहाशे गेली कुठं?"

"फाटली असतील."

"सहाशे? मागच्या सालीबी तेवढीच? त्याच्या आदी तर फकस्त वीस." नवनाथ आता सावरून बसला. "भरून गेली, मॅडम. बिलाबिगर. तुरीतून डाळ कमी निघाली असं दाखवून वरची डाळ लपवली, पोती लपवायची राहिली."

मॅडमनी पाण्याची बाटली उघडली, पण तोंडाला लावली नाही.

"दुसऱ्या कुणाला हे दिसलं असतं?"

"नुसता नफा-तोटा बघणाऱ्याला न्हाई. बारकाईनं बघंल त्याला दिसंल."

"मग मालकाला काय सल्ला देशील?"

"हिशेब लिहिणाऱ्याला आदी धरा."

मॅडम हसल्या. "गुरुवारी असंच बोल. नोकरी तुझीच."

नवनाथ पाया पडायला वाकला. "तुमच्यावानी फुकट कोन शिकवतंय, मॅडम?"

गुरुवारी त्याची खरंच निवड झाली. रविवारी तो पेढे घेऊन क्लासवर गेला, तर मॅडमनी सराव घेणं बंद केल्याचं कळलं. क्लासवाल्यांनी त्या नोकरीला असतात तिथला घाटनांदूरचा पत्ता दिला. सोमवारी त्यानं एसटी धरली.

पत्त्यावर एका डाळ मिलचं मोठं फाटक होतं. आत तुरीच्या थप्प्या लागलेल्या. बंकट नावाच्या म्हाताऱ्या वॉचमननं पेढा घेतला, कपाळाला लावला.

"मॅडम व्हय? हितला समदा हिशेब त्याच बघत्यात. मागल्या सोमवारीच ऑडिट झालं. पोत्या-पोत्याचा मेळ बसला बगा."