उसना निर्धास्तपणा

"वृंदाताई, होडी खडकात अडकलीय. पाय निघत नाहीये," कानातल्या रेडिओवर जुई शांतपणे म्हणाली.

प्रशिक्षक वृंदा दोर घेऊन काठाने धावली. वर्षानुवर्षं वल्हं मारून तिच्या मनात मुरलेला निर्धास्तपणा गेल्याच महिन्यात या नवशिक्या मुलीच्या मेंदूत यंत्राने उतरवला होता.

"खळाळाच्या आधीच काठाला का नाही आलीस?"

"भीतीच वाटली नाही."

खडकांमधल्या त्या वेगवान खळाळाशी वृंदाला दर वेळी धडकी भरायची, आणि ती होडी खांद्यावर घेऊन खडकांवरून चालत जायची. जुईच्या मेंदूत उतरवताना ती धडकी मात्र दोष समजून यंत्राच्या तज्ज्ञांनी गाळून टाकली होती.

दोर पोहोचेना. होडी पाण्याखाली दबत गेली. पाणी जुईच्या हनुवटीला लागलं.

"रडू नका ताई," जुई म्हणाली. "मला काहीच वाटत नाहीये."