मेल्यावर हसायचं

“कट!” दिग्दर्शक शेन ओरडला आणि दोन्ही मुडदे उठून बसले.

एक होता नट लू, सिनेमातला सैनिक. दुसरा चिसांगा, यिनछ्वानच्या कॉलेजात शिकणारा झांबियाचा मुलगा, सिनेमातला बस ड्रायव्हर. दंगलीत अडकलेल्या चिनी माणसांना आफ्रिकेतल्या एका देशाच्या सीमेपार नेताना दोघांनाही गोळ्या लागल्या होत्या. आफ्रिका म्हणजे चीनमधल्याच निंगशिया प्रांताच्या वाळूत उभी केलेली पुठ्ठ्याची घरं.

चिनी सिनेमावाल्यांची रीतच आहे: पडद्यावर मेलेल्यानं लगेच कॅमेऱ्यात बघून हसायचं आणि शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट घ्यायचं, म्हणजे मरण अंगाला चिकटत नाही. लू हसला. पाकीट खिशात गेलं. कॅमेरा चिनी झेंड्याकडे वळला.

“आणि ह्याचं?” तान ताईंनी चिसांगाकडे बोट दाखवत विचारलं.

वाचवलेल्या नागरिकांच्या घोळक्यात त्या होत्या. आफ्रिकेतल्या एका रस्त्याच्या कामावर त्यांनी खरोखर स्वयंपाक केला होता, खऱ्या दंगलीतून परत आल्या होत्या. म्हणून तर शेननं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

“ताई, ऊन चाललंय. बसमध्ये चढा.”

“आधी ह्याला हसू दे.”

“अहो, तो परका. त्यांच्यात नसतं हे.”

“मरण असतं ना त्यांच्यात?”

चिसांगा ओशाळला. “राहू द्या, मावशी. मला काही होत नाही.”

“तू गप रे. मेलेल्यानं मध्ये बोलू नये.”

आणि त्या बसच्या पायरीवर फतकल मारून बसल्या. “शूटिंगच्या पहिल्या दिवशी ह्याच कॅमेऱ्यापुढं उदबत्त्या लावल्यास. मीही हात जोडले. आता देवापुढं पंक्तिभेद करतोस?”

“उठा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!”

“नाही येणार. आम्हाला दंगलीतून बाहेर काढलं तेव्हा बस तिथलाच जोसेफ चालवत होता. सीमेवरच्या फाटकापलीकडे आपले सैनिक होते, झेंडा होता. मी ढसाढसा रडले, खोटं कशाला बोलू? आम्हाला पलीकडे घेतलं आणि त्याला फाटकापाशीच उतरवलं. मागं फिरला बिचारा, एकटाच. पुढं त्याचं काय झालं, कुणी सांगेना.”

मग घोळक्यातली एक बाई वाळूत खाली बसली. तिच्यामागे दुसरा. बघता बघता सगळे सुटका झालेले नागरिक मांडी घालून बसले.

शेननं मावळतीकडे पाहिलं, एक शिवी हासडली आणि कॅमेरा फिरवला. “हस बाबा. लवकर.”

शर्टावर साखरेच्या पाकाचं खोटं रक्त घेऊन चिसांगा उभा राहिला. हसू काही येईना.

“अरे, मुलगी बघायला आल्यासारखा काय उभा राहिलास!” ताई पायरीवरून ओरडल्या.

तो खदखदून हसला. लाल पाकीट त्याच्या हातात पडलं.

“झालं समाधान? चढा आता!”

ताई उठल्या. वाळू झटकली. चिसांगाचं मनगट धरलं आणि त्याला घेऊन पायऱ्या चढू लागल्या.

“ताई! त्याला कुठं नेताय? तो मेलाय!”

“आत्ताच तर हसला,” ताई म्हणाल्या. “सगळ्यांनी पाहिलं.” आणि त्याला खिडकीची जागा दिली.