नागपूर ते पुणे, तीनच्या आत

"विमानतळावर कधी पोचला?" वामनरावांनी विचारलं.

"अकरा बाराले. अकराले निघाले म्हणते सोनूदादा," प्रेरणा मोबाईलवर वाचत म्हणाली.

"नागपुरात बारा मिनिटांत? सिग्नल नाही लागले?"

"आज नाही लागले, बाबा."

फुलसावंगीतल्या घराच्या ओसरीवर वामनराव खाटेवर बसले होते. उजवा पाय महिनाभरापासून प्लास्टरमध्ये होता, नाहीतर तेही नागपूरला गेले असते. एकतीस वर्षं त्यांनी एसटी चालवली, शेवटची नऊ नागपूर-पुणे गाडीवर. दुसऱ्यानं सांगितलेल्या वेळेवर त्यांचा विश्वास नसे.

"अंतर किती दाखवते?"

"हवेतून सहाशे वीसच्या आसपास. सव्वा तास, फार तर दीड."

"रस्त्यानं सातशेच्या वर हाये. मले पंधरा तास लागत."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. पाऊणला पुणं. तिथून पुढं पंधरा मिनिटं. तीनच्या आत सगळं झालं पाहिजे, नाहीतर जाऊन उपयोग नाही, असं त्यांच्या पत्नी इंदुताईंनी सकाळी नागपूरहून फोनवर सांगितलं होतं. मुलाला, ऋतिकला पाठवायचं का, हे त्यांनी कालच विचारलं होतं. वामनरावांनी तासभर वेळ मागितला होता. मग त्यांनीच फोन लावला आणि हो म्हणाले.

शेजारचा घनश्याम फाटकाशी थांबला.

"काका, ऋतिक काय म्हणते? लई दिवस झाले, दिसला नाही."

"पुण्याले गेला. विमानानं."

"अरे वा! कंपनीचं काम?"

"नाही. पोरगी हाये तिथं एक. बावीस वर्षांची. आठ महिन्यांपासून वाट पाहून राह्यली होती."

"मंग पेढे पायजेत काका!" घनश्याम हसत निघून गेला.

प्रेरणा आत गेली. स्वयंपाकघरात नळ बराच वेळ सुरू राहिला. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता.

"आई गेली का संग?" वामनरावांनी विचारलं.

"नाही. आई न् सोनूदादा नागपुरातच हायेत. त्याच्यासंग दुसरे दोघं हायेत."

"खिडकी तरी भेटली असन का त्याले?"

प्रेरणानं ओढणीनं तोंड पुसलं.

बारा अठ्ठेचाळीसला विमान उतरल्याचा मेसेज आला. एक वाजून सात मिनिटांनी दुसरा आला: पोचले. त्यानंतर काहीच नाही. वामनराव भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. दोन वाजले. सव्वादोन. प्रेरणानं ताट आणलं, तसंच परत नेलं.

दोन एकतीसला फोन वाजला. इंदुताई होत्या.

"झालं का?" वामनरावांनी विचारलं.

"झालं." इंदुताईंचा आवाज अगदी सपाट होता. "पुण्याच्या डॉक्टरचा फोन आलता इथल्या डॉक्टरले. त्या पोरीच्या छातीत आपल्या ऋतिकचं काळीज धडधडून राह्यलं म्हणे."

वामनरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता आमी ऋतिकले घेऊन घरी निघून राह्यलो," इंदुताई म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्सवाला म्हणते, साडेचार तासांत पोचवतो."

"त्याले सांग, गाडी हळू चालव," वामनराव म्हणाले. "आता घाई नाही."