बाबा झोपलेत!

झोळीची करकर थांबली, तशी मंजिरी कणकेच्या हातांनीच धावली. बाळ टक्क जागं होतं. दोरी ओढत बसलेले सासरे मात्र भिंतीला टेकून चक्क घोरत होते!

सासूबाई गेल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. “म्हातारपणी झोप कमीच होते,” असं डॉक्टर म्हणाले होते. बाळ दिवसभर झोपायचं, आजोबा हेव्यानं बघत बसायचे.

तिनं तशाच हातांनी नवऱ्याला कारखान्यात फोन लावला. “अहो, बाबा झोपलेत!”

“काय सांगतेस! नक्की झोपलेतच ना?”

“घोरतायत! ऐका!” तिनं फोन त्यांच्या नाकाशी धरला. बाळ आनंदानं किंचाळलं. तिनं त्यालाच दटावलं, “शू! आजोबा उठतील!”

“अगं, ह्याच घोरण्यापायी आई उशी घेऊन माझ्या खोलीत यायची!” तो हसत सुटला.

“ठेवू का फोन?”

“नको गं. आणखी थोडं ऐकू दे.”