मारो

“‘मारो’ म्हणते पोरगी. ऐकलं ना सर?” हवालदाराने वहीत लिहून घेतलं. “बापानं मारलं, हे तिनंच सांगतलं.”

शाळेच्या ऑफिसात चौघं होती. हवालदार, मुख्याध्यापक ढोले सर, तिसरीतली स्वीटी आणि तिच्या वर्गशिक्षिका भोसले मॅडम. परवा हिंगणघाट रस्त्यावरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चोरी झाली, चौकीदाराचं डोकं फुटलं. चोर कोण, हे त्या बिचाऱ्यालाही दिसलं नव्हतं. पण चोरी म्हटली की आधी गावाबाहेरची पारध्यांची वस्ती, त्यांचा बेडा, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. त्याच बेड्यावरचा स्वीटीचा बाप कुंदन सकाळपासून ठाण्यात बसून होता. पोरीच्या तोंडून एक शब्द निघाला की त्याच्यावरचा गुन्हा पक्का. ढोले सरांनी तिला मधल्या सुट्टीत लगोलग बोलावून आणलं. तिच्या आईला कळवावं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

स्वीटीला मराठी येत होतं. पण खाकी समोर बसली आणि पोरीची वाचाच बसली. मग जे निघालं ते थेट घरच्या बोलीत. “मारो बा… मारो बा…” एवढंच. पुढे नुसते हुंदके.

सुमती भोसले भिंतीशी उभी होती. आल्या आल्या हवालदार तिला म्हणाला होता, “बसा ना मॅडम. भोसले म्हणजे आपल्यातल्याच तुमी.” ती हसली होती. अकरा वर्षं ती असल्या हसण्यावरच तर निभावून नेत होती. भोसले हे आडनाव पारध्यांतही असतं, हे या गावात कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तिचा बेडा दूर बुलढाण्याकडे राहिला होता. जातीचा दाखला तिने काढलाच नाही, नोकरी खुल्या जागेवर मिळवली, माहेरचं माणूस कधी दारात येऊ दिलं नाही. आई होती तोवर फोनवर तरी बोली कानावर पडायची. आईला जाऊन चार वर्षं झाली. आता ती बोली ती भाजी चिरताना स्वतःशीच बोलायची, तेही खिडकी लावून. एकटेपणाची सवय होते म्हणतात. तिला झाली नव्हती.

“इथं सही करा मॅडम,” हवालदार म्हणाला. “वर्गशिक्षिका म्हणून. तुमच्यासमोरच बोलली ना ते?”

पेन तिच्या हातात आला. सही केली की झालं. घंटा होईल, ती वर्गावर जाईल, पाढे घेईल. स्वीटी तिच्याकडे बघत होती.

“मारो म्हणजे मारलं नाही,” सुमती म्हणाली. “मारो म्हणजे माझा. ‘माझा बाबा’ म्हणतेय ती.”

ती पोरीजवळ जाऊन खाली बसली आणि बोलीतच विचारलं, तुझा बा त्या रात्री कुठे होता गं? चार वर्षांनी ती कोणाशी तरी या बोलीत बोलली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. पोर मात्र घडाघडा बोलू लागली. धाकट्या भावाला ताप होता. बा त्याला घेऊन रात्रभर सरकारी दवाखान्यात होता. दवाखान्याचा कागद आईजवळ आहे, त्यावर तारीख आहे. सुमतीने सगळं मराठीत सांगितलं.

“लिहून घ्या,” ती म्हणाली.

हवालदाराने लिहिलं नाही.

“तुमाले कशी येते हे भाषा?”

थाप तयार होती. मुलांकडून शिकले म्हटलं असतं, तर खपून गेलं असतं.

“माझ्या घरची आहे.”

ढोले सर खिडकीबाहेर बघू लागले. हवालदाराने तिला एकदा खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि वहीचं कोरं पान काढलं.

“खरं नाव सांग तुह्यं.”