शेवटची डाय

न्हाव्याच्या कपाटात काळ्या डायच्या सात बाटल्या उरल्या होत्या, त्यांतल्या दोन अर्ध्या. राष्ट्राध्यक्षांच्या डोक्याला महिन्याला दोन लागायच्या, म्हणजे साठा तीन महिन्यांचा. सरकारने निवडणुका घ्याव्यात म्हणून शेजारच्या सगळ्या देशांनी माल पाठवणं बंद केलं होतं.

"अहो, डाय संपली की तुमची नोकरीही संपली," बायको म्हणाली.

"अगं वेडे, डाय संपली की साहेबच नमतील! पांढऱ्या केसांनी टीव्हीवर यायचे नाहीत ते. निवडणुका लागल्याच म्हणून समज!" न्हाव्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. शेवटची बाटली तर त्याने मुद्दामच सढळ हाताने संपवली.

साहेबांच्या कानशिलांवर चांदी उगवली. त्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं आणि मंत्रिमंडळाची तातडीची बैठक बोलावली. न्हावी बातमी सांगायला घरी धावणार, तोच त्याला आत बोलावणं आलं. टेबलावर ब्लीचचे डबे मांडले होते. ब्लीच देशातच बनायचं.

"आजपासून पांढरा हाच रुबाब," साहेब म्हणाले. "कर सुरुवात."


संध्याकाळपर्यंत एकोणीसपैकी अठरा मंत्र्यांचे केस पांढरे झाले. एकोणिसाव्याला टक्कल होतं.